आधी कादंबरी पुरी कर

महाड

चि. मनूस,


पाठवलेली पानं वाचली. उरलेली कादंबरी लिहीत बसण्यापेक्षा आता सरळ पटकथाच करावी आणि सिनेमा स्वतः दिग्दर्शित करावा, असं तुझ्या मनात आहे. माझं उत्तर आधीच सांगतो: कादंबरी पुरी कर. सिनेमा खुशाल कर, पण नंतर.

विश्राम बेडेकरांचं उदाहरण देतो. त्यांच्या 'रणांगण' या कादंबरीवर तुमच्या वर्गात चर्चा झाली असेल. पण हा माणूस पोटापाण्यासाठी सिनेमावाला होता, हे किती जणांनी सांगितलं? मास्टर दीनानाथ आणि चिंतामणराव कोल्हटकरांच्या 'बलवंत' मंडळींसाठी त्यांनी नाटक लिहिलं. मंडळी सिनेमात उतरली तेव्हा १९३४ च्या 'कृष्णार्जुन युद्ध'च्या दिग्दर्शनात तेही होते. पुढे सिनेमाचं तंत्र शिकायला ते इंग्लंडला गेले, बोटीनं परतले आणि १९३९ मध्ये 'रणांगण' आली.

आता गंमत बघ. कादंबरीत काय आहे? बोट, हिटलरच्या छळातून सुटलेले ज्यू निर्वासित, हॅर्टा ही जर्मन ज्यू तरुणी, तिच्या प्रेमात पडूनही हात आखडता घेणारा चक्रधर, आणि मुंबई बंदर आलं की त्यानं उतरायचं, तिनं नाही. सिनेमाला याहून काय हवं? कॅमेऱ्याचं शिक्षण घेऊन नुकत्याच परतलेल्या माणसानं ही गोष्ट लिहिली ती मात्र कादंबरी म्हणून, आणि तिच्यावर स्वतः कधी सिनेमा काढला नाही. का, ते तेच जाणोत. मला वाटतं ते असं: चक्रधर आधीच्या प्रेमात पोळलेला आहे, म्हणून तो स्वतःशीच खोटं बोलतो, आणि ते खोटं वाचकाला कळतं, त्याला कळत नाही. डेकवर उभ्या असलेल्या नटाच्या चेहऱ्यावर हे कसं आणशील? ही गोष्ट वाक्यांतच घडते.

सिनेमात त्यांनी पुढेही पुष्कळ केलं. 'प्रभात'च्या 'रामशास्त्री'वर (१९४४) दिग्दर्शक म्हणून गजानन जागीरदार आणि राजा नेने यांच्यासोबत त्यांचंही नाव आहे. १९६३ चा हिंदी 'रुस्तम सोहराब' त्यांचाच; त्यात पृथ्वीराज कपूर आणि सुरैया. सगळंच थोर नव्हतं. धंदा होता, घर चालत होतं, त्यात कमीपणा नाही. (घरात मालतीबाई, म्हणजे 'कळ्यांचे निःश्वास' लिहिणाऱ्या विभावरी शिरूरकर. तिथे वाईट वाक्य खपत नसणार!) पण आज लोक आठवतात ती एवढीशी कादंबरी, आणि साहित्य अकादमी मिळालेलं 'एक झाड आणि दोन पक्षी' हे आत्मचरित्र.

तुझ्या आवडत्या फ्रेंच बाईंचंही तेच. मार्गरीत द्युरास यांना आपल्या कादंबऱ्यांवर इतरांनी काढलेले सिनेमे आवडेनात, म्हणून त्या स्वतः कॅमेऱ्यामागे गेल्या. 'इंडिया साँग' १९७५ चा. पण त्याची माणसं त्यांच्याच १९६६ च्या कादंबरीत आधीच वावरून गेली होती. गोष्ट कोलकात्याची, चित्रीकरण फ्रान्समध्ये, आणि पडद्यावरची माणसं तोंड उघडत नाहीत. आवाज बाहेरून येतात. कादंबरीत काय सांगून झालंय हे पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच हे धाडस जमलं.

आता तुझ्या कादंबरीकडे येतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला महाडचा सावित्री नदीवरचा पूल पुरात वाहून गेला आणि राजापूर-बोरिवली, जयगड-मुंबई या दोन एस.टी. गाड्या पाण्यात गेल्या. पटकथेचा विचार आला की तुझ्या डोळ्यासमोर तेच येत असणार: पाऊस, हेडलाइट, तुटलेला कठडा. ते दृश्य टीव्हीवाले कधीचे वापरून मोकळे झाले. शिवाय त्या गाड्यांतल्या माणसांची घरं अजून आहेत, त्यांच्या डोळ्यांदेखत तू नकली पूर उभा करणार?

तुझं खरं धन वेगळंच आहे. पोलादपूर स्टँडवरची ती चहावाली. सुटे नव्हते म्हणून एका प्रवाशाचे पाच रुपये तिच्याकडे राहिले, तो 'परतताना घेईन' म्हणाला, आणि गाडी महाडच्या दिशेनं गेली. ते पाच रुपये ती गल्ल्यात टाकत नाही, देवापुढेही ठेवत नाही. तो नक्की त्याच गाडीत होता का, हेही तिला ठाऊक नाही. विचारायची सोय नाही, आणि विचारायचं धाडसही नाही. हे प्रकरण तू दीड पानात गुंडाळलंयस, कारण मनात पुलाचा सीन खुणावत होता. तिथे थांब. तिला गिऱ्हाईकांशी भांडू दे, दूध नासू दे, कशेडी घाट बंद पडून स्टँड ओस पडू दे, आणि त्या पाच रुपयांचा हिशेब तिच्या डोक्यात चालू राहू दे. पुराची पानं निम्मी कापलीस तरी काही बिघडत नाही.

आणखी एक. संवाद पोलादपूरच्या बाजारात बोलतात तसे ठेव. तुझी चहावाली मधूनच पुण्याची प्राध्यापिका होते, ते मला सहन झालं नाही.

पुढचं प्रकरण झालं की कागदावर छापूनच पाठव, मोबाइलवर माझे डोळे दुखतात. पानांना आकडे घाल, मागच्या खेपेला सगळी उलटसुलट झाली होती. ताईला सांग, गणपतीला मी येतोय.

तुझा,
मामा