अंगावरचा डाग काय सांगतो?

वसई-विरारची हवा दमट. वाडीत पाणी लावा, नाही तर अर्नाळ्याला मासळी निवडा, अंग घामाने भिजायचेच. अशा अंगावर डागही उठतात. डाग दिसला की घरात कुजबूज सुरू होते. कोणी म्हणते कोड आहे. कोणी त्याहून वाईट नाव घेते. मुलगी लग्नाची असली तर आई तिला लांब हाताचे पोलके घालायला लावते आणि गप्प बसते.

आम्ही म्हणतो, गप्प बसू नये. डाग नीट पाहावा. नुसत्या रंगावर जाऊ नये. तो कुठे आहे, कोणत्या आकाराचा आहे, आणि त्याला स्पर्श कळतो का, हे पाहावे.

छातीवर, मानेवर, पाठीवर फिकट किंवा तपकिरी ठिपके आले आणि नखाने खरवडल्यावर बारीक कोंडा निघाला, तर ते बहुधा शिबे. ही घामावर वाढणारी बुरशी. मलमाने जाते. रंग परत यायला मात्र काही महिने लागतात.

कोडाचा डाग खडूसारखा पांढरा. कातडीला रंग देणाऱ्या पेशी मेल्या की तेथे पांढरे पडते. "मासे खाऊन वर दूध प्यालास, म्हणून कोड आले," असे आपल्याकडे सांगतात. ते खरे नाही. कोड शिवल्याने लागत नाही. एका ताटात जेवल्यानेही लागत नाही. डॉक्टर अंधारात जांभळ्या प्रकाशाच्या दिव्याखाली तो डाग पाहतात. कोड असेल तर तो लख्ख चमकतो.

कधी डागाचा आकारच कारण सांगतो. पावलावर चपलेच्या पट्ट्यासारखे पांढरे पडले, तर रबरातल्या औषधाचा संशय घ्यावा. कपाळावर टिकलीएवढे गोल पांढरे झाले, तर टिकलीच्या डिंकाचा. ती चप्पल, ती टिकली आधी बंद करावी.

काही मुलांच्या अंगावर लहानपणापासून पट्टे असतात. पाठीवर उतरत्या रेघा, कुशीवर भोवरे. जशी काही रांगोळीच. आजी म्हणते, "सुनेने ग्रहणात विळीवर भाजी चिरली, त्याचं हे फळ." बिचारी सून! बर्लिनच्या ब्लाश्को नावाच्या डॉक्टरांनी पुष्कळ रोग्यांच्या अंगावरच्या अशा रेघा कागदावर उतरवल्या आणि १९०१ साली छापल्या. रेघा साऱ्यांच्या अंगावर ठराविक वाटांनीच जात होत्या. पोटातल्या गर्भाची कातडी वाढताना तिच्या पेशी ज्या वाटांनी पसरतात, त्याच या वाटा. त्यात ग्रहण नाही, आईचा दोष नाही. मूल मात्र डॉक्टरांना दाखवावे. क्वचित त्याचे डोळे आणि मेंदूही तपासावे लागतात.

आता खऱ्या काळजीचा डाग. तो फिकट किंवा लालसर असतो, अगदी पांढराफेक नसतो. बहुधा खाजत नाही, दुखत नाही. म्हणून तर माणूस फसतो.

त्या माणसाला डोळे मिटायला सांगा. कापसाचे टोक हलकेच आधी चांगल्या कातडीला लावा, मग डागाला. "लागेल तिथे बोट ठेव," असे म्हणा. सुई टोचू नका. डागावर लावलेले कळले नाही, तर तो कुष्ठरोग असू शकतो. लोक त्यालाच महारोग म्हणत. स्पर्श कळला तरीही डाग दाखवून घ्यावा, कारण पक्के निदान डॉक्टरच करतात. ते कोपराजवळची नस जाड झाली आहे का, तेही चाचपतात.

हा रोग पापाने होत नाही, जंतूने होतो. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ साली तो जंतू शोधला. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते. ते सहा महिने किंवा बारा महिने घ्यावे लागते. औषध सुरू झाले की लवकरच रोग्यापासून दुसऱ्याला लागण होत नाही. उशीर केला तर मात्र नसा जातात. बोटे वाकडी होतात. चुलीवरचा तवा हाताला लागला तरी कळत नाही. गेलेली नस औषधाने परत येईलच असे नाही.

पूर्वी या रोगाच्या कारणावरून नवराबायकोला काडीमोड मागता येई. २०१९ साली कायदा बदलला. आता ते कारण चालत नाही.

आशाताई घरी येऊन "अंगावर डाग आहे का?" असे विचारतात. तेव्हा नुसते "नाही" म्हणून त्यांना वाटेला लावू नका. पाठीवरचा डाग आपला आपल्याला दिसत नाही. तो घरच्या माणसाकडून पाहून घ्यावा, आणि तोही दिवसाच्या उजेडात.