मावळा केवढा, गड केवढा?

दिवाळीत तुम्ही अंगणात मातीचा किल्ला करता. यंदा मुळशी तालुक्यातला कोरीगड करून पाहा. पण आधी थोडे गणित करू.

तुमचा मातीचा मावळा ५.५ सें.मी. उंच आहे आणि खरा मावळा १६५ सें.मी. होता असे धरू. म्हणजे प्रमाण १ : ३० झाले. कोरीगडाचा तट सुमारे १५०० मीटर लांब आहे. याच प्रमाणात तो ५० मीटर होईल! अंगणात ३ मीटरचाच तट मावत असेल, तर प्रमाण १ : ५०० होते आणि मावळा उरतो ३.३ मि.मी., जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढा. मावळा दरवाज्याहून उंच झाला, तर गड कसा लढवला हे कळणारच नाही. म्हणून मोठे मावळे हवे असतील, तर गडाचा एकच दरवाजा व बुरूज करा.

आता इतिहासाकडे वळू. साल कोणते दाखवायचे? १६५७ साली हा गड स्वराज्यात आला. त्या काळच्या मावळ्याला ढाल-तलवार, भाला किंवा तोड्याची बंदूक द्या. शेजारी रणगाडा नको. मार्च १८१८ दाखवायचा असेल, तर दारूकोठार हवेच. इंग्रजांच्या माऱ्यात ते उडाले आणि गड पडला.

आता सांगा : ९ मीटर उंचीचा बुरूज १ : ३० प्रमाणात केवढा कराल?