'यॉर' : एका जुन्या इंग्रजी शब्दाची ओळख

मागील सहामाहीत एका विद्यार्थ्याने इंग्रजी निबंधात आपल्या आजोबांच्या निधनाचा प्रसंग लिहिला. प्रसंग दोनच वर्षांपूर्वीचा. परंतु वाक्य भारदस्त व्हावे म्हणून त्याने आरंभी 'इन डेज ऑफ यॉर' अशी शब्दयोजना केली. त्याचे दुःख खरे होते. वाचणाऱ्याला मात्र हसू आले. अस्थानी योजलेला शब्द भावनेवरही असा अन्याय करतो. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, या शब्दाचा थोडा विचार करू.

'यॉर' म्हणजे फार पूर्वीचा, कथाकाव्यांतून भेटणारा काळ. प्राचीन इंग्रजीतील वर्षवाचक शब्दाच्या षष्ठीच्या अनेकवचनापासून तो आला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. तेव्हा 'यॉर' आणि 'इयर' ही भावंडेच होत. चौदाव्या शतकात, कवी चॉसरच्या काळी, आपल्या 'पूर्वी'प्रमाणे तो स्वतंत्र क्रियाविशेषण म्हणून येई. आज तो 'ऑफ' या अव्ययाच्या आधारानेच उभा राहतो. 'नाइट्स ऑफ यॉर' शुद्ध. 'इन यॉर' अशुद्ध.

मराठीतही असे शब्द आहेत. 'कोणे एके काळी' यातील 'कोणे' हे रूप एरवी आपण वापरीत नाही. कहाणीतील नगर 'आटपाट' असते; पण 'आटपाट बेळगावास गेलो' असे कोणी म्हणत नाही!

याच अर्थाचा 'यस्टरइयर' हा शब्द जुना भासतो, पण वयाने लहान आहे. पंधराव्या शतकातील फ्रेंच कवी व्हियों याच्या कवितेचे भाषांतर करताना रोझेटीने तो घडविला. ते १८७० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा शब्दशः अर्थ 'गतवर्ष', परंतु रूढ अर्थ 'गेलेले दिवस'. आपल्या 'गुदस्ता'चा प्रवास नेमका उलट! फारसीत 'गुजश्ता' म्हणजे 'गेलेला'. मराठीत तो आकुंचित होऊन 'गेल्या वर्षी' एवढाच उरला.

तात्पर्य, जुना शब्द हा देव्हाऱ्यातील समईसारखा आहे. ती योग्य वेळी लावावी. कंदील म्हणून रस्त्यावर नेऊ नये. त्या विद्यार्थ्याने पुढे वाक्य बदलून 'टू इयर्स अगो' असे साधे लिहिले, आणि तो निबंध वर्गात वाचला गेला तेव्हा कोणीही हसले नाही.