बर्णबाने हात धरला
(शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ९:१०–३१ व ११:१९–२६)



शौलाच्या परिवर्तनाचा वृत्तांत आपणांपैकी बहुतेकांस तोंडपाठ आहे. दमास्काच्या वाटेवरील प्रकाश, ती वाणी, ते तीन दिवसांचे अंधत्व, हे सर्व शब्बाथशाळेतील लहान मूलही सांगू शकेल. परंतु ह्याच अध्यायात दोन सामान्य माणसांच्या कृती लिहिल्या आहेत, आणि त्यांजकडे आपले लक्ष क्वचितच जाते. आज त्यांचाच विचार करू.

पहिला हनन्या. दमास्कातील एक शिष्य, एवढीच त्याची ओळख लूक येथे देतो. 'नीट' नावाच्या रस्त्यावर यहूदाच्या घरी जाण्याची आज्ञा होताच तो प्रभूजवळ आपली अडचण मांडतो. शौलाने यरुशलेमेत काय केले व दमास्कात तो कोणता अधिकार घेऊन आला आहे, हे त्याच्या कानी आले होते. प्रभू त्याच्या भयाबद्दल त्याला दोष देत नाही. जाण्याची आज्ञा मात्र मागे घेत नाही. मग हनन्या गेला, त्या घरात शिरला, आणि त्या आंधळ्या वैऱ्यावर हात ठेवून त्याने त्याला भाऊ म्हटले. शौलाचा बाप्तिस्मा तेव्हा व्हावयाचा होता. 'भाऊ' हा शब्द त्याच्या आधी आला, हे उपदेशकांनी नीट ध्यानात घ्यावे.

दुसरा बर्णबा. शौल यरुशलेमेस येऊन शिष्यांत मिसळू लागला, तेव्हा सर्व त्याला भिऊ लागले. त्यांचे भय निराधार नव्हते. स्तेफनाला दगडमार करणाऱ्यांची वस्त्रे ह्याच्याच पायांजवळ ठेविली होती (७:५८), आणि घरोघर शिरून स्त्रीपुरुषांना ओढून तुरुंगात घालणारा तो हाच (८:३). ज्यांची माणसे त्याने नेली, त्यांच्याच पंक्तीस तो बसू पाहत होता. पण हीच ती मंडळी, जिने थोड्याच काळापूर्वी धमक्यांच्या उत्तरादाखल आपले रक्षण न मागता वचन सांगण्याचे धैर्य मागितले होते (४:२९). अधिकाऱ्यांसमोर न डगमगणारी ही माणसे आपल्याच दारात उभ्या असलेल्या एका मनुष्यापुढे डगमगली! साक्ष देण्यास धैर्य लागते आणि स्वागतास केवळ गोड स्वभाव पुरतो, असे आपण समजतो. तसे नाही. स्वागताचे धैर्य निराळे आहे, आणि ते पुष्कळदा अधिक महाग पडते.

बर्णबाने काय केले? त्याने शौलाला हाती धरून प्रेषितांकडे नेले आणि तीन गोष्टी सांगितल्या: ह्याने वाटेत प्रभूला पाहिले, प्रभू ह्याच्याशी बोलला, आणि दमास्कात ह्याने येशूच्या नावाने धैर्याने भाषण केले. येथील 'धैर्य' ह्या भावार्थाचा मूळ ग्रीक शब्द नगराच्या सभेत स्वतंत्र नागरिक जे मोकळेपणाने बोलत असे, त्यासाठी वापरीत. शौल असे मोकळेपणाने बोलला ही साक्ष बर्णबाने दिली, आणि ती देताना स्वतःचा लौकिक जामीन ठेविला. शौल कपटी निघता तर दोष बर्णबाच्या माथी आला असता.

आता एक गोष्ट लिहितो. लिहिताना लाज वाटते. सेमिनरीतून निघून मी पहिल्या मंडळीत गेलो, तेव्हा एका उपासनेस निराळ्या जातीचा एक गृहस्थ पत्नी व मुलासह आला व दाराशी उभा राहिला. आम्ही सर्व लोकांना बोलावणाऱ्या ख्रिस्ताविषयी मोठ्याने गाइले. मीही त्याच विषयावर उपदेश केला. पण सतरंजीवर कोणी सरकले नाही आणि मीही कोणाला सरका म्हटले नाही. मंडळीतील वडील मंडळी काय म्हणतील, हा मनुष्य कशाच्या आशेने आला असेल, असे विचार माझ्या मनात होते. तीन रविवार ती तिघे आली, चौथ्या रविवारी आली नाहीत. पुढे आठवड्याच्या बाजारात तो भेटला. मी न येण्याचे कारण विचारले. तो रागावला नव्हता. म्हणाला, "पाळकसाहेब, तुमचे बोलणे चांगले होते. पण बसा असे कोणी म्हटले नाही." त्यानंतर तो कधी आला नाही.

कोणी म्हणेल, चौकशी नको काय? अवश्य हवी. बाप्तिस्म्यापूर्वी शिक्षण द्यावे, हेतू पारखावा, उतावीळ करू नये. कोणावर दडपण तर मुळीच आणू नये. बर्णबाही माहिती घेऊनच बोलला. परंतु चौकशी सतरंजीवर बसवून करावी, उंबऱ्याबाहेर उभे करून नव्हे. पोटासाठी आला, असे जे आपण सहज म्हणतो, तेच आपल्या आजोबांविषयीही लोक म्हणत होते.

सुवार्ता सांगण्यास मोठी विद्या लागते असेही नाही. अंत्युखियात हेल्लेण्यांशी प्रथम बोलणारे कुप्र व कुरेने येथील काही लोक होते. लूक त्यांची नावे देत नाही. आपल्याकडेही तसे घडले. १८९३ साली राजनांदगावाकडे जाताना आगगाडीत नारायण वामन टिळकांना एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. १८९५ साली मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो सहप्रवासी कोण होता, हे टिळकांना कळले नाही. लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या त्यानंतर पाच वर्षांनी, १९०० साली. आपल्या मनाचे सोवळेओवळे कसे हळूहळू सुटत गेले, ते त्यांनी 'स्मृतिचित्रे'त मनमोकळेपणाने सांगितले आहे. एका प्रवासात झालेले काम आणि एका घरात वर्षानुवर्षे चाललेले काम, दोन्ही प्रभूचीच. पुढे १९१७ साली टिळकांनी 'देवाचा दरबार' उभारला, तेव्हा बाप्तिस्मा झालेले व न झालेले अशा दोहोंनाही त्यात जागा ठेविली. ह्याविषयी मतभेद होते व असतील. पण जागा ठेविली होती.

अंत्युखियाचे काम वाढले, तेव्हा बर्णबा एकटा मोठा झाला नाही. तो तार्सास गेला, शौलाला शोधून घेऊन आला, आणि दोघांनी वर्षभर त्या मंडळीस शिकविले. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्याने तेथेच मिळाले, यहूदी व हेल्लेणी जेथे एकत्र बसत होते त्या नगरात.

येत्या रविवारी उपदेशकांनी हा पाठ घरोघरच्या प्रार्थनेत वाचावा. आणि उपासना सुरू होण्यापूर्वी दाराजवळच्या सतरंजीवर मंडळीतील एका वडिलांनी बसावे. पुढची जागा त्या दिवशी रिकामी राहिली तरी चालेल.