नोंदवहीचा नियम

आमच्या धुळ्याचे विद्यार्थी पुढें विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत जातील. त्यांच्यासाठीं हा लहानसा पाठ आम्ही लिहीत आहों.

किरणोत्सर्ग डोळ्यांस दिसत नाहीं कीं नाकास कळत नाहीं. त्यापासून रक्षणाचे तीन नियम आहेत : सान्निध्याचा काळ थोडा असावा, अंतर अधिक असावें, कारण अंतर दुप्पट केल्यास लहान उगमाच्या किरणांची तीव्रता चतुर्थांश होते, आणि मध्यें शिशासारखा जड आडोसा असावा. परंतु चौथा नियम पाळला नाहीं तर हे तिन्ही व्यर्थ होत. तो नियम म्हणजे नोंद.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागांत कोबाल्ट-६० असलेलें एक यंत्र १९८५ पासून वापराविना पडून होतें. फेब्रुवारी २०१० मध्यें तें लिलावांत भंगार म्हणून विकलें गेलें. मायापुरीच्या भंगारबाजारांत त्याचें शिशाचें कवच उतरविण्यांत आलें. एका मजुराचा मृत्यु झाला व इतर कित्येकांस इजा पोंचली. कोबाल्ट-६० ची शक्ति सुमारें सव्वापांच वर्षांनीं निम्मी होते. पंचवीस वर्षांनीं ती सुमारें सत्ताविसावा अंश उरते. तेवढा अंशहि प्राणघातक ठरला. काम थांबलें होतें यंत्राचें, द्रव्याचें नव्हे.

अशा द्रव्यावर मुंबईचें अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून देखरेख करतें. तें विल्हेवाटीस काढण्यापूर्वीं मंडळाची अनुज्ञा घ्यावी लागते. पण कपाटांत काय आहे, हेंच कोणास ठाऊक नसेल, तर अनुज्ञा मागणार कोण?

विद्यार्थिमित्रहो, बाटलीवर नांव व तारीख लिहिण्याचा आम्ही आग्रह धरतों तो याचसाठीं. आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी मनुष्याचा जीव आपल्या दोन ओळींवर अवलंबून असतो. आणि तोहि आपला शेजारीच होय.