ट्रॅव्हल ट्रेलरसाठी वेट डिस्ट्रिब्युशन हिच कसा निवडावा?

ट्रेलर जोडला की गाडीची मागची बाजू दबते आणि पुढची उचलली जाते. स्टिअरिंग हलके लागते, पुढच्या चाकांची पकड सुटू लागते. वेट डिस्ट्रिब्युशन हिचचे स्प्रिंग बार ताणल्यावर मागच्या एक्सलवरचा काही भार पुढच्या चाकांकडे, काही ट्रेलरच्या चाकांकडे सरकतो.

निवड ठरते ती टंग वेटवरून, म्हणजे ट्रेलरच्या दांड्याच्या जोडावर पडणाऱ्या भारावरून. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के इतका तो असावा. माहितीपत्रकातला आकडा बहुधा रिकाम्या ट्रेलरचा असतो, त्यामुळे फसवा. अमेरिकेत महामार्गांवरच्या ट्रक स्टॉपवर वजनकाटे असतात. सामान, पाणी, गॅस भरूनच तिथे जावे. समजा, 6000 पौंडांच्या ट्रेलरचे टंग वेट 750 पौंड भरले आणि गाडीत मागच्या एक्सलच्याही मागे 150 पौंड सामान आहे. एकूण 900. त्याला 1000 पौंडांचे बार पुरतात. ‘असू दे जास्तीचे’ म्हणून 1400चे घेतले, तर ते पुरेसे लवत नाहीत आणि खड्ड्यांचे धक्के थेट चौकटीला बसतात.

गाडीच्या मागे हिच ज्यात बसतो, त्या रिसीव्हरच्या स्टिकरवर बहुधा दोन मर्यादा छापलेल्या असतात, या हिचसह आणि त्याविना. गाडीचे मॅन्युअलही पाहावे. काही उत्पादक असा हिच वापरूच देत नाहीत. ट्रेलर डोलणे रोखणारी घर्षणाची सोय असलेला हिच थोडा महाग पडला तरी घ्यावा. गाडीची भारक्षमता मात्र कोणत्याही हिचने वाढत नाही.