घरातील प्रकाशनियंत्रण : स्मार्ट डिमरची निवड

मुलांच्या अभ्यासासाठी लख्ख प्रकाश हवा असतो, तर आजारी माणसाच्या खोलीत रात्री मंद उजेड पुरेसा होतो. एकाच दिव्याकडून ही दोन्ही कामे करून घेणारे साधन म्हणजे डिमर. मोबाइलवरूनही चालणारे स्मार्ट डिमर आता भिंतीवरील बटणाच्या जागी बसविता येतात. तथापि, केवळ मोबाइलची सोय पाहून केलेली खरेदी पुष्कळदा वाया जाते. आधी दिवा, मग तारा, त्यानंतर भार आणि शेवटी इतर सोयी, हा निवडीचा योग्य क्रम होय.

दिवा कोणता?

आपल्याकडील घरगुती वीज २३० व्होल्ट दाबाची असून तिच्या सेकंदाला १०० अर्धलहरी होतात. डिमर प्रत्येक अर्धलहरीचा काही भाग अडवितो आणि त्यामुळे प्रकाश कमी होतो. जुन्या तारेच्या बल्बसाठी अर्धलहरीचा आरंभीचा भाग अडविणारे डिमर प्रचलित होते. एलईडी दिव्यांना बहुधा अखेरचा भाग अडविणारा प्रकार मानवतो. मात्र एलईडी दिव्याच्या वेष्टनावर तो मंद करता येण्याजोगा असल्याचा स्पष्ट उल्लेख असावा. तसा नसल्यास दिवा लुकलुकतो, गुणगुणतो किंवा लवकर निकामी होतो. दिव्यासाठी बनविलेल्या डिमरवर पंखा कधीही जोडू नये.

बोर्डामागील तारा

स्मार्ट डिमरमधील यंत्रणा दिवा बंद असतानाही जागी असते व तिला अखंड वीज लागते. त्यासाठी बोर्डात न्यूट्रल तार असणे उत्तम. ज्या बोर्डात प्लगची सोय आहे तेथे ती सहसा असते. जिन्यातील किंवा एकट्या बटणाच्या बोर्डात पुष्कळदा नसते. न्यूट्रलविना चालणारे डिमरही मिळतात. परंतु ते आपली वीज दिव्यामधूनच घेत असल्याने कमी वॅटचा एलईडी दिवा बंद केल्यावरही मिणमिणत राहू शकतो. न्यूट्रल नाही म्हणून अर्थिंगच्या तारेचा उपयोग करणे अत्यंत धोक्याचे आहे. ती तार जीवरक्षणासाठी असते. ती सदोष झाल्यास उपकरणांच्या धातूच्या भागात वीज उतरू शकते.

भाराचा हिशेब

दिवाणखान्यात ९ वॅटचे ६ दिवे असतील, तर एकूण भार ५४ वॅट होतो. डिमरची कमाल मर्यादा पाहताना एलईडीसाठी दिलेला आकडा पाहावा. तारेच्या बल्बचा आकडा बराच मोठा असतो व तो येथे लागू पडत नाही. किमान मर्यादाही तितकीच महत्त्वाची आहे. ती २० वॅट असेल, तर ७ वॅटचा एकच दिवा त्यावर नीट चालणार नाही.

इतर सोयी

इंटरनेट बंद पडले तरी भिंतीवरील बटण चालले पाहिजे. वीज जाऊन परत आल्यावर दिवा आपोआप लागतो की पूर्वस्थितीत राहतो, याचीही विचारणा करावी. घरी इन्व्हर्टर असल्यास त्याच्या विजेवर डिमर चालतो काय, हे तपासावे. साध्या इन्व्हर्टरची लहर शुद्ध नसल्याने अनेक डिमर त्यावर बिघडतात.

डिमर बसविण्याचे काम मेन स्विच बंद करून परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवून घ्यावे. खरेदीपूर्वी त्याला एकदा बोर्ड उघडून पाहावयास सांगितले, तर पुढील खर्च आणि धोका दोन्ही टळतील.